कॉकटेलला आंघोळ घालायची का? घातली आणि घोळ झालाय, मदत करा

हळद्याची_आई (नाशिक)

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे एक कॉकटेल आहे, तो डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. (कॉकटिएल म्हणायचं असतं हे मुलीने दहादा सांगितलंय, पण दुकानदारापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे कॉकटेलच म्हणतात, तर मीही तेच म्हणणार.) पिवळट पांढरा रंग, गालावर केशरी टिकल्या, म्हणून नाव हळद्या. आणला तेव्हा छोटा होता, आता आठ-नऊ महिन्यांचा असेल. शिट्टी मारतो, कुकरच्या शिट्टीला उलट शिट्टी देतो, एकूण लाडका आहे.

तर प्रॉब्लेम असा की घरभर पांढरी पावडर. टीव्हीवर, फ्रिजवर, काळी ओढणी पिंजऱ्याजवळ राहिली तर विचारूच नका. सासूबाई म्हणाल्या घरात पिठाची गिरणी काढलीस का. त्यात त्याची पिसं पण हल्ली निस्तेज दिसत होती, म्हणून ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला काही नाही हो ताई, महिन्यातून एकदा लहान मुलांच्या शाम्पूने धुवून काढा, चकाचक होतो.

झालं, मागच्या रविवारी मी नॅपकिनमध्ये धरला, मिस्टरांनी गीझरचं पाणी कोमट करून मगाने ओतलं, थोडा शाम्पू लावला, आणि तो जो काही किंचाळलाय ना की खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. मग थरथरायला लागला म्हणून मिस्टरांनी हेअर ड्रायर लावला तर हातातून सुटून पलंगाखाली जाऊन बसला आणि तासभर बाहेर नाही.

आता चार दिवस झाले. दाणे खातोय, पण हातावर येत नाही, हात दिसला की फिस्स करतो. पिसं चकाचक तर सोडाच, चिकटून गुच्छ झाल्यासारखी दिसतायत. आणि ओला असताना लक्षात आलं की तुऱ्याच्या मागे डोक्यावर चक्क टक्कल आहे!! शाम्पूने गेली का पिसं?

मुळात यांना आंघोळ घालायची असते की नसते? आमच्याकडे सध्या सकाळी दात वाजतात एवढी थंडी आहे. मला फार वाईट वाटतंय, प्लीज ओरडू नका.

---

चोचीतला_दाणा (पुणे)

ताई, ओरडत नाही, अर्ध्या लोकांनी हेच केलेलं असतं, मी पण केलंय, फक्त माझ्या वेळी विचारायला कोणी नव्हतं.

आधी महत्त्वाचं. चार दिवस झाले आणि तो खातोय, म्हणजे थंडी बाधायची भीती बहुतेक टळली. तरी बघा, दिवसभर पिसं फुगवून डोळे मिटून बसतोय का, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसतोय का, श्वास घेताना शेपूट खालीवर हलतेय का. यातलं एक जरी दिसलं तरी इथे वाचत बसू नका, पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. पक्षी आजार लपवतात, दिसायला लागतो तोवर बराच वाढलेला असतो.

आता टक्कल. पिवळा-पांढरा आणि डोळे लालसर आहेत का? असतील तर तो लुटिनो, आणि लुटिनो कॉकटेलमध्ये तुऱ्यामागे टक्कल ही पिढीजात गोष्ट आहे, जन्मापासूनच असते, तुरा उभा केला की दिसते. शाम्पूचा काही संबंध नाही. सुटलात.

पावडरचं असं आहे की ती घाण नाहीये. कॉकटेलच्या अंगावर आतल्या बाजूला काही बारीक पिसं अशी असतात की त्यांचा भुगा होत राहतो, तोच तो चोचीने सगळ्या अंगाला पसरवतो. त्याचं ते तेच टाल्कम आहे. निरोगी कॉकटेल पावडर पाडणारच. तुम्ही धुवून ती संपवू शकत नाही, आणि संपवायचीही नाही. पाण्याने कमी होते, उडत नाही एवढंच. बाकी ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या झाडूने नको.

शाम्पू का नको ते सांगतो. शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला, एक छोटी तेलाची ग्रंथी असते. कधी नीट बघा, तो मान वळवून चोच तिथे घासतो आणि मग एकेक पीस चोचीतून ओढून काढतो. एक गळलेलं पीस घ्या आणि बोटाने उलटं फिरवा, फाटल्यासारखं होईल. मग सुलटं फिरवा, परत जोडलं जाईल. त्यात बारीक बारीक आकडे असतात, चेनसारखे. तो दिवसभर जे विंचरत बसतो ना ते हे आकडे लावत असतो. साबणाने तेल जातं, आकडे नीट बसत नाहीत, पीस पाणी धरतं, ऊबही धरत नाही. म्हणून गुच्छ दिसतायत. शिवाय उरलेला शाम्पू तो चोचीने साफ करताना पोटात घालणार, ते वेगळंच.

उपाय: काही लावू नका. रोज दुपारी १२ च्या आसपास, खोली उबदार असताना, झाडांना मारायच्या स्प्रेने कोमट साधं पाणी, फवारा अगदी धुक्यासारखा करून, त्याच्या अंगावर नाही तर डोक्याच्या वर हवेत मारा म्हणजे तुषार खाली येऊन पडतील. एक-दोन मिनिटं. तो सरकला, फिस्स केलं, थांबा. पंख पसरले तर आवडलंय. असे आठ-दहा दिवस केलं की शाम्पू हळूहळू निघेल. हात मात्र लावायचा नाही, पकडायचं तर अजिबात नाही. बाटली नवी घ्या, पूर्वी औषधं भरलेली नको.

आणि पुढे कायमचं म्हणजे आंघोळ आपण घालायची नसतेच हो. पाणी ठेवायचं, करायची की नाही ते त्याने ठरवायचं.

---

मिसळ_जास्त_तर्री (नाशिक)

खालच्या वहिनी वर आल्या 😂😂 सॉरी ताई पण डोळ्यासमोर आलं सगळं

---

फ्लॅट_नं_बी७ (ठाणे)

ड्रायरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. परत कधीच लावू नका. गरम हवेने कातडी भाजते हे एक, आवाजाने धसका घेतात हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे काही ड्रायरच्या आतल्या भागांना नॉनस्टिकसारखं कोटिंग असतं, ते तापलं की जो वायू निघतो तो आपल्याला कळत पण नाही आणि पक्षी काही मिनिटांत जाऊ शकतो. नॉनस्टिक तव्याचं पण तेच, रिकामा तवा गॅसवर विसरलात आणि पक्षी किचनजवळ असेल तर खेळ खल्लास. यांची फुप्फुसं आपल्यासारखी नसतात, अंगात हवेच्या पिशव्या असतात, एका श्वासात खूप ओढून घेतात.

दुसरं, आंघोळीच्या वेळी आणि नंतर सीलिंग फॅन बंद. ओला पक्षी जड होतो, नीट उडता येत नाही, उडाला की कुठे जाईल त्यालाच माहीत नसतं. माझी बजी (बजरीगर, तो छोटासा पोपट) अशीच गेली २ वर्षांपूर्वी, पावसाळ्याचे दिवस, उकडत होतं म्हणून एक नंबरवर फॅन, तिने वाटीत आंघोळ केली, अंग झटकलं आणि उडाली. एक नंबरवरच होता. आता आमच्याकडे फॅनच्या बटणावर टेप चिकटवलेली आहे, पाहुणे विचारतात हे काय.

---

आजीचा_बटवा_२०

एवढं काय घाबरता, आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचे २ थेंब आणि चिमूटभर हळद टाका, उवा पिसवा सगळं जातं. कापराचा तुकडा पिंजऱ्याला बांधा. आम्ही लहानपणापासून हेच करतो, कोंबड्यांना काही झालं नाही.

---

चोचीतला_दाणा (पुणे)

नाही नाही नाही. कोंबडी दीड-दोन किलोची, कॉकटेल ९० ग्रॅमचं, बजी तर ३५-४० ग्रॅमची. एका अंड्यापेक्षा कमी वजन आहे बजीचं. दोन थेंब तिच्यासाठी दोन थेंब नसतात. त्यात ती ते पाणी पिते, आंघोळीचं आणि प्यायचं असं काही तिला वेगळं नसतं. कापूर तर पिंजऱ्याच्या आसपास पण नको, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल पण त्या खोलीत नको. उवा आहेत की नाहीत हे डॉक्टरने बघून सांगायचं, खाजवतोय म्हणजे उवा असं नसतं, बहुतेक वेळा नवीन पिसं येत असतात.

हळदीबद्दल एवढंच म्हणेन की त्याचं नाव हळद्या आहे तेवढं पुरे.

---

ढाबळवाला (सांगली)

कबुतरवाल्यांना कोण विचारतंय म्हणा, तरी लिहितो. आमच्या आजोबांची ढाबळ होती, साठ-सत्तर कबुतरं. दर रविवारी ११ च्या उन्हात अंगणात परात ठेवायची, जुनी पितळी, काठ बुटका. पाणी चार बोटं. आजोबा परात ठेवून लांब बाजेवर जाऊन बसायचे आणि आम्हा पोरांना दम, जवळ जायचं न्हाई. आधी एक म्हातारं कबूतर यायचं, काठावर बसून पाण्यात चोच बुडवून बघायचं, मग पाय टाकायचं, मग बसायचं. ते बसलं की बाकीची धडाधड. एक पंख वर करून आडवी पडायची, बगल दाखवल्यासारखी. अर्ध्या तासानं पाणी बघाल तर वर दुधावर साय धरते तशी पांढरी साय. तीच ती पावडर, कबुतराला पण असते. ज्याच्या आंघोळीनंतर साय धरत न्हाई ते कबूतर आजोबा बाजूला काढून बघायचे, म्हणायचे ह्याचं काय तरी बिनसलंय. खरं-खोटं देव जाणे पण मी आजही बघतो.

आंघोळ झाली की परात लगेच रिकामी करायची, न्हाईतर तेच पाणी पितात. आणि दुपारी ४ नंतर पाणी दाखवायचं न्हाई, ओलं घेऊन रात्री बसलं की सकाळी सुस्त.

आजोबांनी साठ वर्षात एक कबूतर हातात धरून धुतलं न्हाई बगा.

---

हळद्याची_आई (नाशिक)

बाप रे किती छान लिहिलंय सगळ्यांनी, ढाबळवाले दादा तुमचं तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांच्या माहेरी पण होती म्हणे कबुतरं.

डोळे लाल आहेत!! उजेडात बघितलं. म्हणजे टक्कल जन्माचंच. मिस्टर म्हणाले माझ्यावर गेलाय.

दोन दिवस स्प्रे केला वर हवेत. पहिल्या दिवशी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला, थांबले. काल नुसता बघत होता, तुरा उभा करून. वाटी पण ठेवली स्टीलची, तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पाणी थंड आहे म्हणून का? गरम करून ठेवू का? आणि रोज ठेवायचं का आठवड्यातून एकदा? इथे सकाळी फार गारठा असतो म्हणून विचारतेय.

---

चोचीतला_दाणा (पुणे)

स्टीलची वाटी नको, पाय घसरतो, त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, नवखा पक्षी बिचकतो. कुंडीखाली ठेवायची मातीची ताटली मिळते ना, ती घ्या, नवी, रंग न दिलेली. खरखरीत असते, पाय रोवतो. पाणी एक इंच, त्याहून जास्त नाही. मध्ये एक-दोन गोटे ठेवा स्वच्छ धुवून, त्यावर उभा राहील आधी.

पाणी साधं, हाताला गार लागत नाही इतपत. गरम नको, गरम पाण्याने पिसांवरचं तेल जास्त जातं. पिंजरा खिडकीपासून आत घ्या, ओल्या पक्ष्याला थंडीपेक्षा वारा जास्त बाधतो. आंघोळीनंतर थोडं थरथरणं नॉर्मल असतं, अंग गरम करायला ते थरथरतातच, यांचं अंग आपल्यापेक्षा तापलेलं असतं, चाळीसच्या वर. तासाभरात अंग झटकून विंचरायला लागला पाहिजे.

किती वेळा, तर थंडीत आठवड्यातून एक-दोनदा दाखवा, उन्हाळ्यात वाटलं तर रोज. नाही केली तर नाही केली.

---

ऑरेंजसिटी_बर्ड्स (नागपूर)

रोज ठेवा ना जी, त्यात काय आहे, पक्ष्याला वाटलं तर करते नाही वाटलं तर नाही करत. आठवड्यातून एकदा अन् दोनदा हे मोजत कशाला बसता. आमच्याकडं मे महिन्यात ४५-४६ जाते, तेव्हा माझे बजी दिवसातून तीनदा न्हातात, कूलरसमोर बसू देत नाही मी, पण पाणी तिन्ही टाइम. डिसेंबरात महिना महिना पाण्यात पाय नाही टाकत. त्याला कळते.

एक आयडिया सांगतो, ताटलीत नाही जात तर मेथीची जुडी द्या. बजीवाले सगळे हेच करतात. जुडी दोन-तीन पाण्यातून धुवायची, औषध मारलेलं असते भाजीवर, मग झटकायची नाही, निथळती तशीच पिंजऱ्याच्या वरच्या जाळीला उलटी बांधायची. ते पानातून घुसतात, घासतात, डोकं खुपसतात, पाच मिनिटात ओलेचिंब. वाटीत टाकल्यावर पळणारा पक्षी पानात वेडा होते. कोथिंबीर पण चालते. पालक ठीक आहे पण पानं मोठी, मजा नाही येत त्याला.

---

यारा_नदीकाठी (मेलबर्न)

नागपूरकरांनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही. मी मूळची साताऱ्याची, इथे येऊन ९ वर्षं झाली. बजी आणि कॉकटेल दोन्ही इथलेच ना, ऑस्ट्रेलियाचे, पण शहरात नाही दिसत, ते आतल्या कोरड्या भागातले, थव्याने पाण्याच्या मागे फिरणारे. तिकडे डबकं सापडणं हीच मोठी गोष्ट, म्हणून जंगली बजी सकाळच्या दवाने ओल्या झालेल्या गवतात लोळतात. तुमची मेथी म्हणजे त्यांचं ते गवतच झालं की!

शहरात आमच्याकडे गालाह असतात, गुलाबी-राखाडी काकाकुवा. पाऊस सुरू झाला की विजेच्या तारेवर उलटे लटकतात, पंख पसरून, आणि ओरडतात आनंदाने. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं शॉक लागला याला. शेजारची म्हातारी हसली, म्हणाली आंघोळ चाललीये. हे सांगायचं कारण, तुमच्या हळद्याने कधी स्प्रेखाली पंख अर्धवट उघडून दांडीवरून खाली लोंबकळायला सुरुवात केली तर घाबरू नका, पडत नाहीये तो, काकाकुव्यांच्याच घराण्यातला आहे.

---

जनावरांची_डॉक्टरीण

प्रॅक्टिसमध्ये पक्षी बऱ्यापैकी बघते म्हणून थोडं जोडते.

"पिसं निस्तेज झाली म्हणून आंघोळ घातली" इथेच गाडी चुकली. पूर्ण वाढलेलं पीस हे नखासारखं असतं, निर्जीव. त्याची डागडुजी आतून होत नाही, गळून नवीन यावं लागतं. त्यामुळे आज तुम्ही काहीही केलंत, उत्तम केलंत, तरी फरक दिसेल तो पुढच्या पिसं गळण्याच्या वेळी. धीर धरा. आठ-नऊ महिन्यांचा आहे म्हणजे पिल्लाची पिसं टाकून मोठ्यांची घेण्याच्या बेतात असेल किंवा सुरूच झालं असेल. डोक्यावर, मानेवर पांढरट काट्यांसारखं काही दिसतंय का? ती गुंडाळलेली नवीन पिसं. वरचं आवरण केराटिनचं, ते भुसभुशीत होऊन पडतं, कोंड्यासारखं. पाण्याचा खरा उपयोग इथे होतो, आवरण मऊ पडतं, खाज कमी होते. डोक्यावरचे काटे त्याला स्वतःला काढता येत नाहीत, जोडीदार असता तर त्याने काढले असते. एकटा असेल तर तो डोकं वाकवून तुमच्यासमोर आणेल, विश्वास परत बसल्यावर. तेव्हा फक्त सुकलेल्या टोकाचे काटे बोटाने हलकेच चोळा. बुडाशी निळसर-काळपट दिसत असेल तर त्यात रक्त आहे, हात लावू नका, दुखतं.

पिसावर आडव्या रेषा दिसतायत का, कोणी घासल्यासारख्या? त्या असतील तर पीस वाढत असताना त्याला काहीतरी ताण आला होता किंवा खाणं कमी पडलं होतं. आणि खाण्याचंच विचारते, तो काय खातो? माझ्याकडे येणारे निम्मे कॉकटेल फक्त बाजरी, राळं आणि सूर्यफूल यांच्यावर असतात. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, आणि ते नसलं की कातडी आणि पिसं दोन्हीची वाट लागते. मग मालक शाम्पू बदलत बसतो. किसलेलं गाजर, मेथी, शेवग्याचा पाला, उकडलेला लाल भोपळा रोज थोडं थोडं. अव्होकाडो कधीही नाही, विषारी आहे. दहा-बारा तास अंधारात शांत झोप. रात्री अकरापर्यंत टीव्हीच्या खोलीत पिंजरा असेल तर तोही हलवा.

कोवळं ऊन द्या, काचेतून नको, काचेतून उपयोगाचे किरण येत नाहीत. आणि पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असू द्या म्हणजे त्याला आत जाता येईल.

---

राघू_आमचा

आमच्याकडे पोपट आहे, हिरवा, गळ्याभोवती गुलाबी पट्टा. त्याला पण मेथी चालेल का? तो पाण्याला फार घाबरतो.

---

फ्लॅट_नं_बी७ (ठाणे)

दादा, राग मानू नका, पण तो देशी पोपट आहे, तो पाळताच येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, विकणं पण गुन्हा आणि ठेवणं पण. बजी, कॉकटेल बाहेरचे म्हणून चालतात. आफ्रिकन ग्रे, मकाव वगैरे मोठ्या परदेशी पोपटांची तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी पण लागते. तुमच्या जवळच्या वन विभागाच्या ऑफिसला किंवा पक्षी वाचवणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा. एकदम सोडून मात्र देऊ नका, माणसाळलेला पोपट बाहेर दोन दिवस पण जगत नाही, कावळे टोचतात.

---

राघू_आमचा

आजीच्या वेळेपासून घरात पोपट आहेच हो एक ना एक. माहीत नव्हतं. विचारतो.

---

हळद्याची_आई (नाशिक)

तीन आठवड्यांनी परत आले. डॉक्टर ताई, तुम्ही विचारलेलं सगळं लागू पडलं, फक्त बाजरी आणि सूर्यफूल, पिंजरा टीव्हीशेजारी, आणि पिसांवर रेषा पण होत्या, मी त्याला डिझाइन समजत होते. आता पिंजरा आतल्या खोलीत गेलाय. गाजर पहिले पाच दिवस फेकून दिलं, सहाव्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून स्वतः खाल्लं तेव्हा मागायला आला.

ताटली आणली, कुंडीवाल्याकडून, पंधरा रुपये. त्यात तो फक्त शी करतो. रोज. नेमाने.

मेथी मी टाळत होते कारण आमच्या भाजीवाल्याची जुडी नेहमी चिखलाची असते. पण परवा काय झालं, सासूबाई किचनमध्ये खाली बसून मेथी निवडत होत्या, निवडलेली पानं धुवून चाळणीत ठेवली होती निथळत. हळद्या बाहेर होता, पडद्याच्या दांडीवर. (फॅनच्या बटणावर टेप लावलीये आम्ही पण.) मी नळ सोडला भांडी घासायला, इकडे मिक्सर पण चालू होता चटणीचा, आणि पाण्याचा आवाज ऐकून म्हणा की काय, हा उतरला तो थेट चाळणीत. आधी काठावर, तुरा ताठ. एक पान उचललं, टाकलं. मग छाती टेकवली पानांवर आणि दोन्ही पंख असे थरथर थरथर, मान खुपसून, शेपटी पसरून, इकडून तिकडे लोळतोय, पाणी उडतंय सासूबाईंच्या चष्म्यावर. त्या हलल्या नाहीत हो जागच्या. हातात मेथीची काडी तशीच. मी मिक्सर बंद करायला गेले तर हातानेच खूण केली, राहू दे.

सात-आठ मिनिटं चाललं. मग ओला उंदीर दिसतो तसा होऊन, टक्कल चमकवत, चालत चालत त्यांच्या मांडीवर चढला आणि तिथेच बसून पिसं विंचरायला लागला. पदर ओला झाला पूर्ण. ज्या बाईने गिरणी म्हटलं होतं तिने तासभर भाजी नाही निवडली.

माझ्या हातावर अजून येत नाही पण. हात बघून फिस्स करणं बंद झालंय, बोटावरचं गाजर घेतो आणि मागे सरकतो.

आता एकच विचारायचंय. त्यातली उरलेली मेथी परत धुवून भाजीला घेतली तर चालते का? सासूबाई म्हणतात चालते.

---

जनावरांची_डॉक्टरीण

नाही चालत. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि उद्यापासून दोन जुड्या आणा.

---

ढाबळवाला (सांगली)

पाण्यावर साय धरली का चाळणीखाली? बघितलं का?

---

हळद्याची_आई (नाशिक)

धरली!! सासूबाईंनीच दाखवली.